प्रबंध अपलोड न होण्याचे खात्रीशीर उपाय

पीएच.डी. झाली, अभिनंदन! पेढे वाटून झाले, राजारामपुरीतल्या बाइंडिंगवाल्याकडून काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरंही उमटवून आणलीत. आता प्रबंधाची पीडीएफ डिजिटल ग्रंथालयात चढवायची तेवढी राहिली. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २००९ मध्येच काढलाय. म्हणजे एवढी वर्षं कुणाला घाई नव्हती, तर ती तुम्हीच का करावी?

लॉगिन झालं नाही, तर पासवर्ड चुकला असेल अशी शंकाही मनात आणू नका. सर्व्हर डाऊन आहे. कोल्हापुरात लॉगिन न होण्याचं दुसरं कारण आजवर कुणी मान्य केलेलं नाही. खातं कॉलेजच्या ईमेलवर उघडलं होतं की नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेल्या, हे आठवत बसू नका. 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक करणं पीएच.डी.वाल्याला शोभत नाही. केलंच, तर स्पॅम तेवढं उघडू नका. काही संस्था इथं तुम्हाला मनापासून साथ देतात. त्यांनी सर्व्हरवरून मेल जाण्याची सेटिंगच केलेली नसते. तुम्ही मेलची वाट बघा, ते तुमच्या तक्रारीची बघतील.

चुकून आत शिरलातच, तर खरी मजा पुढं आहे. पुष्कळ ग्रंथालयांत यासाठी डीस्पेस नावाचं मोफत सॉफ्टवेअर असतं. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये ते आणलं. ते दोन वेगवेगळे प्रश्न विचारतं: तुम्ही कोण, आणि तुम्हाला इथं काही ठेवायची परवानगी आहे का? लॉगिननं फक्त पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्यासाठी तुमच्या विभागाच्या संग्रहात सादरकर्त्यांच्या गटात तुमचं नाव कुणीतरी घालावं लागतं. ते नसलं, की परवानगी नाही असा संदेश स्क्रीनवर स्वच्छ येतो.

तो वाचायचा नाही. मोबाइलनं त्याचा फोटो काढा. ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर त्या ओळीवर पडेल असा कोन धरा आणि स्कॉलर मंडळींच्या ग्रुपवर टाका. उत्तरं लगेच येतात. "कॅशे क्लिअर कर." "क्रोम काढ, फायरफॉक्स टाक." "मोबाइलचं नेट लावून बघ भावा." "माझं झालं होतं." हे शेवटचं सगळ्यांत उपयोगी. ग्रंथालयातल्या मॅडमना तुमचा ईमेल आणि संग्रहाचं नाव दोन ओळींत कळवलं, तर त्या चहा गार व्हायच्या आत नाव घालून मोकळ्या होतील. मग सांगण्यासारखं उरलं काय? त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत समक्ष जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बंद हाय."

फाइल शक्यतो छापील प्रत रंगीत स्कॅन करून बनवा, म्हणजे ती भरपूर वजनदार होते. पुष्कळ ठिकाणी दारात एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा असतो. मर्यादा वाढवायला कुणी सांगितलं नसेल, तर तो एक एमबीच्या वर काही आत घेत नाही, ४१३ हा आकडा दाखवून परत पाठवतो. एक एमबीत मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देश बसतात. लोक वाचतात तेवढंच, त्यामुळे फार नुकसान नाही. स्कॅन नकोच असेल, तर डीटीपीवाल्याच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पीडीएफ द्या. डोळ्यांना सुंदर मराठी दिसतं, पण मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची मिसळ हाती येते. 'शाहू' असं शोधलं, तर तुमचा प्रबंध जन्मात सापडणार नाही. आतला मजकूर कुठून आणलाय, हेही मग सहसा सापडत नाही.

फॉर्ममधले रकाने डोळे मिटून भरा. लेखकाच्या जागी मार्गदर्शकांचं नाव टाकलंत, तर सरांना त्यात काही चुकल्यासारखं वाटायचं नाही.

'सबमिट' केल्यावर प्रबंध लगेच दिसला नाही, तर तो हरवला असं समजा. मंजुरीची पायरी ठेवलेली असेल, तर तो तपासणाऱ्याच्या यादीत पडून असतो. तुम्ही मात्र परत परत सादर करत राहा. अशा तीन प्रती एकाच दिवशी मंजूर झाल्या, तर ग्रंथालयाची आकडेवारी सुधारते.

शेवटी प्रबंधाला हँडल नावाचा इंटरनेटवरचा कायमचा पत्ता मिळतो. त्यासाठी संस्थेनं नोंदणी करून स्वतःचा क्रमांक घ्यायचा असतो. देशभरातले प्रबंध ठेवणाऱ्या शोधगंगा या डिजिटल ग्रंथालयाचा १०६०३ आहे. नोंदणी केली नाही, तर सॉफ्टवेअरबरोबर आलेला नमुन्याचा १२३४५६७८९ तसाच राहतो, आणि कंटाळा केलेल्या जगभरातल्या साऱ्या संस्थांचा क्रमांक तोच असतो. हँडलच्या संकेतस्थळावरून असा पत्ता तुमच्या प्रबंधापर्यंत पोहोचवत नाही. तरी बायोडेटावर ठळक छापा. मुलाखतीला बसलेल्यांपैकी कुणी तो उघडून बघणार नाही.