ट्रॉलीची लाईट

आमच्या शिरोळ तालुक्यात ट्रॅक्टरच्या सजावटीवर जेवढा खर्च होतो, तो सगळा पुढच्या अर्ध्या भागावर होतो. बंपरवर फोकस, टपावर निळ्या-लाल पट्ट्या, ड्रायव्हरच्या पाठीशी कपाटाएवढे स्पीकर. यातलं काही बंद पडल्याचं ऐकिवात नाही. बंद पडते ती ट्रॉलीची मागची लाईट. ती आपल्याला कुठं दिसते? मागून येणाऱ्याला दिसते, आणि तो काय आपला पाव्हणा लागत नाही!

यंदा गळीत हंगामाच्या तोंडावर आबांनी फर्मान काढलं, "रातच्या खेपा असत्यात. लाईट करून घे. वायरमनला कशाला पैसं? तू डिप्लोमा झालायस न्हवं?" माझा डिप्लोमा सिव्हिलचा. पण आबांच्या लेखी डिप्लोमा म्हणजे डिप्लोमा.

ट्रॅक्टरची वीज ट्रॉलीला जोडणाऱ्या 7 पिनच्या सॉकेटचं शास्त्र सोपं आहे. पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, तांबडी ब्रेक, पांढरी अर्थिंग. आमच्या ट्रॉलीखाली शिरलो तर सगळ्या वायरींचा रंग एकच, चिखलाचा. एक तुकडा मोटारीच्या केबलचा, दुसरा बहुतेक गणपतीच्या माळेचा. एका जोडावर टेप संपली म्हणून कुणीतरी खताच्या पिशवीची पट्टी गुंडाळून वर सुतळीची गाठ मारलेली. बाकीचं उंदरांनी सोललं होतं, आणि माझ्यापेक्षा सफाईनं.

सगळं उपटून नवी वायर ओढली. डावा इंडिकेटर लावला, तर तो ढिम्म आणि शेजारची टेललाईट मिणमिणायला लागली. हेडलाईट लावून ब्रेक दाबला, तर पेटलेली टेललाईट विझली! म्हणजे मागच्याला कळायचं की ट्रॅक्टर थांबला नाही, नाहीसाच झाला.

एवढ्यात कट्ट्यावरची मंडळी येऊन उभी राहिलीच. तात्या म्हणाले, फ्यूज. चुलतभाऊ म्हणाला, "एलईडी टाक, इषय संपला." टाकल्या. इंडिकेटर मेला तो मेलाच, वर ट्रॅक्टरमधला इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर खुळ्यागत टिकटिकायला लागला. त्याला 21 वॅटच्या बल्बांची सवय. एलईडी एवढीशी वीज खाते म्हटल्यावर त्याला वाटलं बल्बच उडालाय. परत बल्ब घातले. टेललाईट-ब्रेकच्या बल्बात दोन तारा असतात, 5 वॅटची आणि 21 वॅटची, आणि बुडाला दोन खुंट्या, एक वर, एक खाली. उलटा बसूच नये म्हणून ही सोय. तात्यांनी तो पकडीनं उलटा बसवून दाखवला. तो फुटला.

रोग निघाला अर्थिंगचा. दिव्याचा करंट ट्रॉलीच्या सांगाड्यातून परत जायचा, आणि आबांनी खंडेनवमीच्या आधी ट्रॉली ऑईलपेंटनं अशी दणकून रंगवली होती की अर्थिंगचा स्क्रूसुद्धा रंगावर बसलेला. पुढं हूकच्या पिनीवर ग्रीस आणि गंज. परतीची वाट बंद, म्हणून करंट शेजारच्या बल्बातून चोरवाट शोधत होता. पॉलिश पेपरनं घासून लोखंड पांढरं केलं, वायर बोल्टखाली आवळली, दुसरं टोक थेट सॉकेटपर्यंत नेलं. डावा लावला, डावा लागला. बायकोला बोलावून दाखवला. ती बघून परत आत गेली.

आबांना समजावलं, करंट गेला तर परत यायला वाट लागते.

"कारखान्याच्या बिलागत," आबा म्हणाले. "ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसं याचा कायदा हाय. घास जा की तिथं बी पॉलिश पेपर."

पहिल्या खेपेला टोळीनं ट्रॉली भरली. मोळ्या मागं हात-दोन हात बाहेर, खाली पाचटाच्या झिपऱ्या लोंबलेल्या. दोन्ही लाईटी पार बुजल्या. मुकादमानं कारखान्यातनं मिळालेलं रिफ्लेक्टरचं कापड मागच्या मोळीला सुतळीनं बांधलं. त्याला वायर लागत नाही, अर्थिंग तर नाहीच नाही.

"आत लाईट चालू हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

"हाय."

"मग झालं की," म्हणून त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला.