काळा नर लागला म्हणून पांढरी मादी बिघडत नाही

आमच्या आत्तीनं परवा चांगल्या अंड्यावरच्या दोन पांढऱ्या बदक माद्या वडगावच्या बाजारात मिळेल त्या किमतीला देऊन टाकल्या. का, तर व्हॉट्सॲपवर मेसेज आलेला, "पांढऱ्या मादीला एकदा काळा नर लागला की रक्त बिघडतं, पुढं जन्मभर काळीच पिल्लं निघतात, अशी मादी ठेवू नका." हाच मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय, आता गप्प बसवत नाही.

अहो रक्त बिघडायचा संबंध कुठं येतो? ज्या नराचं बीज त्या अंड्याला लागलं त्याचाच वाटा पिल्लात, मागल्या नराचं काही मादीच्या अंगात कायमचं राहत नाही. खरं एवढंच की बीज मादीच्या पोटात आठवडा-दोन आठवडे टिकतं, म्हणून शेजारचा काळा नर बाजूला केला तरी थोडे दिवस त्याची पिल्लं निघतात. मग तीन आठवडे थांबा की, तेवढी अंडी खावा, आणि नंतर पांढऱ्या नराची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून २८ दिवसांनी बघा, सगळी पिवळी पिल्लं, म्हणजे पुढं पांढरीच.

कारण साध्या बदकांत हा पांढरा रंग आई आणि बाप दोघांकडनं आला तरच दिसतो, एकाकडनं आला तर आत दबून राहतो. २०१८ ला नेचर कम्युनिकेशन्समध्ये चीनच्या संशोधकांचा पेपर आलाय, त्यांनी रानटी मॅलार्ड बदक आणि पांढऱ्या पेकिन जातीच्या बदकाचा संकर करून नातवंडांची पिढी तपासली, हजारावर बदकं, आणि पांढरेपणाचं मूळ एमआयटीएफ या जीनमध्ये सापडलं. (लाल तोंडाची मस्कोव्ही वेगळी जात, तिचा हिशेब वेगळा.)

"रंग नरावरच जातो" हे पण त्या मेसेजमध्ये आहे. बरं, खाकी कॅम्पबेल या बदकाच्या जातीच्या तपकिरी रंगापुरतं थोडं मान्य, कारण तो रंग नर-मादी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो, आणि पक्ष्यांत मादीला ते एकच आणि तेही बापाचं, त्यामुळं खाकी नर आणि मॅलार्ड रंगाची मादी लावली की लेकी खाकी आणि नर पिल्लं गडद. पण पांढऱ्याला हा नियम लागतच नाही, तिथं आईबापाचा वाटा सारखा.

हळदीच्या पाण्यानं पुढची पिल्लं पांढरी होतात म्हणे. नाही होत.

तिसरी मादी अजून आत्तीकडं आहे. शेजारचा नर आत शिरू नये म्हणून काल मी जाळी मारून आलोय.