परदेशी कामगार: डोकी मोजण्याआधी परवाना वाचा

'बाहेरचे येतात आणि आमच्या नोकऱ्या खातात' आणि 'ते नसतील तर तुमचा देश दोन दिवस चालणार नाही'. स्थलांतरावरची चर्चा या दोन वाक्यांपलीकडे सहसा जात नाही. किती घ्यायचे आणि किती हाकलायचे, एवढ्यावरच घोडं अडतं. माझ्या मते आलेल्या माणसाच्या परवान्यावर काय लिहिलंय, त्यावर मजुरीचं गणित जास्त ठरतं.

अमेरिकेचं ब्रासेरो प्रकरण घ्या. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, शेतात माणसं मिळेनात म्हणून अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. हंगामी मजूर (यांनाच ब्रासेरो म्हणत) यायचे, कंत्राट संपलं की परत जायचे. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के 'बचत' म्हणून कापून घेतले जात आणि कित्येकांना ते पैसे पुढे कधी मिळालेच नाहीत. निंदणीला आखूड दांड्याचं अवजार, म्हणजे दिवसभर कमरेत वाकूनच काम. (कॅलिफोर्नियात त्यावर बंदी यायला १९७५ उजाडलं.) १९६४ च्या शेवटी कार्यक्रम गुंडाळला. हे गेले की इथल्या शेतमजुराची मजुरी वाढेल, असा हिशोब होता.

वाढली का? अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी राज्याराज्यांची आकडेवारी तपासली. जिथे ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे नव्हतेच, तिथली मजुरी जवळपास सारख्याच चालीने सरकली. कारण मालक हातावर हात धरून बसले नव्हते. टोमॅटो तोडणीचं यंत्र तयारच होतं आणि यंत्राचा मार सोसेल, एकदम पिकेल असं वाणही. थोड्याच वर्षांत कॅलिफोर्नियात सॉस-केचपसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. जिथे यंत्र नव्हतं, तिथे पीकच कमी केलं. स्थानिक मजुराच्या हाती काय लागलं? काही नाही.

उलट बाजूचं, म्हणजे माणसं एकदम वाढल्याचं, उदाहरण अमेरिकेतल्या मायामी शहराचं. १९८० मध्ये काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन अमेरिकेत उतरले. त्यांतले बरेचसे मायामीतच राहिले आणि शहरातले कामकरी हात एकदम ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड म्हणाले, मजुरीवर परिणाम दिसत नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी चांगलीच पडली. त्यावर इतरांनी बोर्हास यांचा नमुना फारच लहान असल्याचं दाखवलं. हा वाद अजून मिटलेला नाही. मला कार्ड यांची बाजू जड वाटते.

आता ज्यावर फार कमी बोललं जातं ते. संयुक्त अरब अमिरातीत कंत्राट संपल्यावर कामगाराला दुसरीकडे जायचं तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, नाहीतर देश सोडायचा. २०११ पासून कंत्राट संपलेल्यांसाठी ही अट निघाली. अभ्यासात दिसलं की अशा कामगारांची कमाई १० टक्क्यांहून जास्त वाढली. माणसं तीच आणि काम तेच. फक्त 'मी चाललो' म्हणायची सोय झाली.

अमेरिकेच्या एच-१बीचं, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसाचं, दुखणं याच जातीचं आहे. वर्षाला ६५ हजार व्हिसा आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार, त्यासाठी लॉटरी, यावर सगळे बोलतात. पण नोकरी गेली तर सहसा ६० दिवसांत नवी शोधायची, कंपनी बदलली तर ग्रीन कार्डचे (कायम वास्तव्याच्या परवान्याचे) बरेच सोपस्कार पुन्हा, आणि भारतीयांची रांग तर विचारूच नका. असा माणूस पगारवाढीसाठी कितपत ताणून धरेल? त्याच्या शेजारच्या अमेरिकन सहकाऱ्यालाही याचा फटका बसतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. त्याने ही गाठ सुटत नाही. एवढे पैसे मोजलेली कंपनी माणसाला आणखीच धरून ठेवेल, असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये तर कमाल आहे. आश्रय मागणाऱ्याला पहिले १२ महिने साधारणपणे कामच करता येत नाही, नंतरही ठरावीक यादीतलंच. तोवर राहण्या-खाण्याचा खर्च सरकारचा. आणि मग हा नियम राखणारे राजकारणीच म्हणतात, हे फुकट बसून खातात!

खर्च होतो, हे मला मान्य आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विद्वत्संस्थेच्या २०१६ च्या अहवालात स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीचा बोजा राज्यं आणि स्थानिक संस्थांवर पडतो असं स्पष्ट म्हटलंय, मुख्यतः मुलांच्या शिक्षणामुळे. तीच मुलं मोठी झाली की तिजोरीत भरघोस भर घालतात, हेही त्याच अहवालात आहे. पण शाळेचा खर्च आज आणि स्थानिक पातळीवर, कर मात्र वीस वर्षांनी आणि मोठा वाटा केंद्राकडे. त्या गावातला माणूस चिडला तर त्याला लगेच वंशद्वेष्टा ठरवू नका. केंद्राने त्याच्या शाळेला आजच पैसे द्यावेत.