जहाजाच्या आत शिरायचंय? मग आधी शिकवणारा नीट शोधा

नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ बुडवणार ही बातमी आल्यापासून आमच्या डायव्हिंगच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, रेकचा, म्हणजे बुडालेल्या जहाजात डायव्हिंग करण्याचा, कोर्स कुठे करायचा आणि स्वस्तात कुठे पडतो. कोणी म्हणतं थायलंडचं कोह ताओ, कोणी बाली. म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. लांबलचक होणार आहे, ज्यांना फक्त कासवांचे फोटो बघायचेत त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

आधी हे ठरवा की जहाज बाहेरून बघायचंय की आत जायचंय. बाहेरून फिरायला बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्याचा ताबा, बरी असली आणि डोकं शांत असलं की भागतं. बालीत तुलाम्बेनला लिबर्टी नावाचं जहाज आहे, १९४२ ला जपानी टॉर्पेडो लागलेलं, मग वीसेक वर्षं किनाऱ्यावर पडून होतं आणि १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. ते आता इतकं मोडून उघडं पडलंय की बराच भाग असाच फिरून बघता येतो. मजा करा तिथे. पण दोन दारं ओलांडून इंजिन रूममध्ये जायचं म्हटलं की डोक्यावर लोखंड येतं, आणि आपण ओपन वॉटरच्या पहिल्या कोर्सला जे काही शिकलो त्यातला शेवटचा उपाय कायम एकच असतो, वर जा. तोच तिथे बंद.

आता कोर्स झाल्यावर मिळणारं ते प्रसिद्ध कार्ड. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या एजन्सीचा रेक डायव्हरचा कोर्स चार डाइव्हचा असतो, त्यात आत जाणं झालंच तर शेवटच्या डाइव्हला, तेही बाहेरचा उजेड दिसतोय तिथपर्यंतच, आणि खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या वर नाही. म्हणजे जहाजाचं दार ३० मीटरवर असेल तर आत फक्त १० मीटर. नियम चांगला आहे, कोर्सही वाईट नाही, पण लोक त्या कार्डाचा अर्थ 'मी आता आत जाऊ शकतो' असा घेतात आणि काही डायव्हिंगची दुकानं तो तसा घेऊ देतात, माझा राग त्यावर आहे. खरोखर आत नेणारे कोर्स वेगळे, टीडीआय, आयएएनटीडी या दुसऱ्या एजन्सींचे अॅडव्हान्स्ड रेक, टेक्निकल रेक वगैरे, आणि ते वीकेंडला उरकण्याचे नाहीत.

का ते साध्या हिशेबात बघा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की हवा झाली २४०० लिटर. ३० मीटरवर दाब चौपट, मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस तिथे ८० लिटर ओढतो, म्हणजे अर्ध्या तासात सिलिंडर ठणठणीत. आत जाताना तिसरा हिस्सा, बाहेर येताना तिसरा हिस्सा आणि उरलेला अडचणीसाठी हा ओव्हरहेडचा, म्हणजे डोक्यावर छत असलेल्या डायव्हिंगचा, जुना नियम, तो पाळला तर आत जायला १० मिनिटं मिळतात आणि वर येतानाचा साठा यात अजून धरलेलाच नाही. त्यात कोणाची फिन गाळाला लागली, किंवा काहीच न करता नुसते आपलेच बुडबुडे छताला लागून गंज खाली पडायला लागला, की हातातला टॉर्चही दिसत नाही, दहा मिनिटांच्या वाटेला वीस लागतात आणि घाबरल्यामुळे श्वास दुप्पट होतो. करा गुणाकार. म्हणून ट्विनसेट (पाठीवर दोन सिलिंडर) किंवा साइडमाउंट (सिलिंडर अंगाच्या बाजूला), हवेची लांब नळी म्हणजे होज, तीन टॉर्च, कटर आणि लाईन, म्हणजे परतीची वाट दाखवणारी दोरी, गुंडाळलेलं रील. हौस म्हणून कोणी एवढं ओझं घेत नाही.

'पण गुलदार तर साफ करून बुडवणार' असं मला एकाने ऐकवलं. बरं. फ्लोरिडाला की लार्गोजवळ स्पीगल ग्रोव्ह नावाचं जहाज आहे, तेही नौदलाचं लँडिंग शिपच, गुलदारपेक्षा बरंच मोठं, १५५ मीटर लांब. २००२ ला मुद्दाम डायव्हरसाठी साफसूफ करून, जागोजागी भोकं पाडून बुडवलं. २००७ च्या मार्चमध्ये तिथे चार जण उतरले, तिघे आतच मेले. नवखे नव्हते. लाईन न टाकता खोल आत गेले होते.

त्यामुळे एजन्सी कुठली यावर भांडत बसू नका, माणूस बघा. सरळ विचारायचं, विद्यार्थी बरोबर नसताना तुम्ही स्वतः रेकच्या आत शेवटचे कधी गेला होता? एका वेळी किती जणांना आत नेता? कोणाला नापास केलंय का? या तिसऱ्या प्रश्नाला जो हसून 'आमच्याकडे सगळे पास होतात' म्हणतो त्याला नमस्कार करून निघायचं. चांगला मास्तर पहिला दिवस बऱ्याचदा जमिनीवरच घालवतो, झाडांना लाईन बांधायला लावतो, दाराबाहेर एक गाठ, आत शिरल्यावर लगेच दुसरी, मग डोळे बांधून त्या लाईनवरून परत आणतो. बघणाऱ्याला आंधळी कोशिंबीर वाटते. मग उथळ पाण्यात तेच, मास्कशिवाय, मग हवा संपलेल्या जोडीदाराला होज देऊन. गाळ न उडवता पोहण्याची फ्रॉग किक आणि मागे सरकायची उलटी किक जमेपर्यंत आत सोडतच नाही. पहिल्याच दिवशी बोटीवरून थेट जहाजात नेणारा मला तरी नको.

जागा म्हणाल तर आपल्याकडे गोव्यात ग्रांद आयलंडजवळ जहाजं आहेत पण पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात सगळं बंदच. फिलिपाइन्सचं कोरोन चांगलं, १९४४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन विमानांनी बुडवलेली जपानी जहाजं एकाच परिसरात, सोपी अवघड दोन्ही. सायप्रसला लार्नाकाची झेनोबिया, १९८० ला ट्रकांसकट बुडालेली, आडवी पडलेली, त्यामुळे आत शिरलं की जमीन कुठली आणि भिंत कुठली हेच कळत नाही, शिकायला यापेक्षा चांगलं काय हवं. आणि पैसे असतील तर आधी मेक्सिकोला केव्हर्नचा, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळच्या उजेडाच्या भागातला, कोर्स करा, लाईनची शिस्त गुहावाल्यांइतकी कडक कोणी शिकवत नाही असं माझं मत. जहाजात वायरी आणि गंज जास्त, तो भाग नंतर वेगळा शिकावा लागतोच.

राहता राहिली गुलदार. तिथे पर्यटकांना घेऊन उतरणार आपली मालवण-निवतीची पोरं, समुद्र त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो यात वाद नाही. पण लोखंडाच्या छताखाली गाळात अडकलेल्या मुंबईच्या पाहुण्याला बाहेर काढणं हे वेगळं काम आहे. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंगची संस्था आहेच, जहाजावर खर्च होतोय त्यातला थोडा या पोरांच्या ओव्हरहेड ट्रेनिंगवर करा, चार-पाच जणांना बाहेर पाठवून पूर्ण तयार करून आणा. तोपर्यंत आतली दारं बंद ठेवा, वेल्डिंग करून. बाहेरून मासे बघायला कोणाची ना नाही.