मतं मिळाली म्हणजे पात्रता आली का?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लोकांनी निवडलेल्या माणसाला कोर्टाने खुर्चीवरून उठवणं हा मतदारांचा अपमान आहे, आणि 'या पदावर कोणत्या अधिकाराने बसलात' असं विचारणाऱ्या अधिकारपृच्छा याचिका म्हणजे हरलेल्यांचे उद्योग, असं तुम्ही म्हणता. दुसरं मला बरंचसं मान्य आहे. पहिलं अजिबात नाही.

जयललितांचंच बघा. 'तान्सी' या तामिळनाडूच्या सरकारी कंपनीच्या जमीन प्रकरणात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यामुळे त्या आमदारकीला अपात्र ठरल्या. पुढच्या निवडणुकीत त्यांचे चारही अर्ज बाद झाले, म्हणजे त्यांच्या नावावर एकही मत पडलं नव्हतं. पक्षाने १३२ जागा जिंकल्या आणि १४ मे २००१ ला त्या मुख्यमंत्री झाल्या. आधार कशाचा, तर आमदार नसलेल्यालाही ६ महिने मंत्री राहता येतं, या कलम १६४(४) चा. पण जो आमदारकीलाच अपात्र, त्याला ही सवलत कशी मिळेल? २१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ५ न्यायमूर्तींनी नेमणूक रद्द केली. बहुमतवाल्या पक्षाच्या इच्छेपेक्षा राज्यघटना वर, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. तुम्हाला अनागोंदीची भीती वाटते, पण मधल्या चार महिन्यांचा कारभार कोर्टाने वैधच ठेवला. डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि मार्च २००२ मध्ये त्या रीतसर परत आल्या.

'कोणीही उठतो आणि कोर्टात जातो' हे खरं आहे, आणि ते तसंच असायला हवं. अधिकारपृच्छेत अर्जदाराचं स्वतःचं नुकसान झालेलं असावं लागत नाही. पद सार्वजनिक आहे, तेव्हा विचारणाही कोणी करू शकतो.

आता तुमची दुसरी बाजू. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंच सरकारी जागेवर अतिक्रमण केलेल्या घरात सासूसोबत राहतात, अशी तक्रार झाली. हे प्रकरण ग्रामपंचायत कायद्यातलं, पण प्रश्न तोच. नवरा-मुलांसह आपण भाड्याच्या घरात राहतो, असं त्या सांगत होत्या. तरी त्या अपात्र ठरल्या, आयुक्त आणि उच्च न्यायालयातही हरल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि बाईने सरपंच व्हावं हेच गावाला पचलं नव्हतं, अशी नोंद केली.

अशा एका सुनावणीला मी स्वतः बसले होते. सरपंचबाई नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा) उतारा घेऊन उभ्या, आणि साहेब प्रश्न विचारत होते त्यांच्या नवऱ्याला! म्हणून तुमचा संताप मला कळतो. पण याचिकांचा हा रस्ताच बंद करा, ही मागणी नाही पटत. विचखेड्याचं ते भाड्याचं घर बघायला आधी कोणी नीट गेलं असतं, तर त्या बाईंना दिल्लीपर्यंत जावं लागलं नसतं.