नावाला धार

आमच्या घरातील जुनी सुरी टोमॅटो कापण्याऐवजी त्याचा नुसता छळ करू लागली, तेव्हा नवी सुरी आणण्याचे काम माझ्याकडे आले. सौभाग्यवतींच्या मते हे काम दहा मिनिटांचे होते आणि कदाचित ते तसेच झाले असते. परंतु जाण्यापूर्वी आठवडाभर मी सुऱ्यांचा अभ्यास केला, हा माझा अपराध होय.

या अभ्यासातून मला कळले की सुरीच्या पात्यापेक्षा तिच्या नावावर अधिक मेहनत घेतलेली असते. जपानी 'सांतोकू' या नावाचा अर्थ तीन गुण, म्हणजे बहुधा मांस, मासे आणि भाजी या तिन्हींना चालणारी सुरी. आमच्या घरात त्यांपैकी दोन गुण श्रावणभर रजेवर असतात. 'व्हीजी टेन' या प्रसिद्ध जपानी पोलादाच्या नावातील 'जी' हे अक्षर गोल्डचे आहे, मात्र त्यात सोने गुंजभरही नसते. 'दमास्कस'ची गोष्ट तर आपल्याला अधिकच लागणारी आहे. ज्या पोलादावरून हे नाव गाजले, ते दक्षिण भारतातून पश्चिमेकडे जात असे; आपले लोहार भट्टीपाशी घाम गाळत राहिले आणि नाव मात्र लागले परक्या शहराचे. आज या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्यांवरची लाटांची नक्षी पोलादाचे थर जोडून आणलेली असते, स्वस्तातल्या सुऱ्यांवर ती नुसती उमटवलेली असते आणि टोमॅटोला यातले काहीही दिसत नाही.

व्हिक्टोरिनॉक्स या सुऱ्यांच्या कंपनीची कथा मी घरी सर्वांना वाचून दाखवली. कार्ल एल्सेनर या स्विस गृहस्थांनी १८८४ मध्ये आपला कारखाना सुरू केला, १९०९ मध्ये आई वारल्यावर तिचे 'व्हिक्टोरिया' हे नाव मालाला दिले आणि १९२१ मध्ये त्याला गंज न चढणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' जोडला गेला. मी भारावून जाऊन म्हणालो, "आई, मी कारखाना काढला तर सुरीचं नाव सुमतीनॉक्स ठेवीन." आई विळीवर गवार चिरीत बसली होती. ती म्हणाली, "धारदार वस्तूला माझं नाव नको. सूनबाईला आयतंच निमित्त मिळेल."

एवढ्या तयारीनिशी मी शनिवारी क्रॉफर्ड मार्केट गाठले. (या वास्तूचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई होऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी ते सांगितले की टॅक्सीवाला आरशातून आपल्याकडे पाहतो. नाव एकदा चिकटले की निघत नाही, ही सूचना मला तेथेच मिळायला हवी होती.) दुकानदाराने माझ्यापुढे दोन सुऱ्या ठेवल्या. दोन्हींची लांबी सारखी आणि मुठी काळ्याच होत्या. पहिलीचे पाते कोरे होते आणि किंमत सत्तर रुपये. दुसरीच्या पात्यावर नाव कोरलेले होते आणि किंमत साडेसहाशे. मी फरक विचारला, तेव्हा तो गृहस्थ अत्यंत शांतपणे म्हणाला, "साहेब, ही सुरी आहे. आणि ही..." एवढे बोलून त्याने ते नाव वाचले आणि तो गप्प राहिला.

त्या स्तब्धतेत मी विकला गेलो. पहिली सुरी हातात घेताच ती हलकी लागली, म्हणून मी तिला तकलादू ठरवले. दुसरी तितकीच हलकी लागली, तेव्हा मी "तोल उत्तम साधला आहे" असे म्हणालो. नाव जर्मन वाटत होते आणि त्यातील एका अक्षरावर दोन टिंबे होती. वरच्या रकमेतील निम्मे पैसे मी त्या दोन टिंबांचेच मोजले असावेत. शिवाय मॉडेलला एका जपानी योद्ध्याचे नाव होते, म्हणजे जर्मन आडनाव आणि जपानी पाळण्यातले नाव असलेली ही कन्या मी घरी आणली. सुऱ्यांसाठी नावाजलेल्या झोलिंगेन या जर्मन शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि तेथे न बनलेल्या पात्यावर ते घालता येत नाही, हे मी वाचले होते. माझ्या सुरीवर ते नव्हते. परंतु टिंबांना कोणत्याही कायद्याचे संरक्षण नाही.

पहिल्या संध्याकाळी मी नाव मोठ्याने उच्चारून कांदा कापला. डोळ्यांत पाणीही कमी आले, असे मला वाटले. मेहुण्याने नाव वाचले, पात्यावर नख फिरवले आणि तो "वा" म्हणाला. पाते उलटे धरले होते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

सौभाग्यवतींनी मात्र पुढच्या शनिवारी ती सत्तर रुपयांची सुरीही आणली आणि दोन्ही पात्यांवर चिकटपट्टी लावून मला परीक्षेस बसवले. मी दोन्हींनी टोमॅटो कापले, डोळे मिटून विचार केला आणि एक सुरी उंचावून "हीच ती!" असे जाहीर केले. पट्टी काढली, तर पाते कोरे होते. टोमॅटो सारखे पिकलेले नव्हते, ही माझी हरकत घरात कोणीही नोंदवून घेतली नाही.

आई मात्र कोऱ्या पात्याकडे पाहत राहिली. तिच्या हिशेबात भांड्यावरचे नाव हे भांडे घडवणाऱ्याचे नसते, ते ज्याचे भांडे त्याचे असते, कारण शेजारी डाळीची वाटी गेली तर ती परत यायला हवी. दुसऱ्या दिवशी बारशाच्या आहेराच्या पेल्यावर नाव घालून घ्यायला ती भांड्यांच्या दुकानात गेली आणि येताना त्या सुरीवरही नाव घालून आली. आपण आधी काय म्हणालो होतो, याचा तिला विसर पडला असावा.

आता आमच्या ओट्यावर जर्मन कन्या तशीच पडून असते आणि कोथिंबिरीपासून कलिंगडापर्यंत सारे 'सुमती'ने कापले जाते. लग्नाला बावीस वर्षे झाली तरी जिने सासूचे नाव कधी तोंडातून काढले नव्हते, ती आमची सौभाग्यवती हल्ली स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात सांगते, "अहो, सुमती बोथट झाली आहे, जरा घासून आणा!"

बाहेरच्या खोलीत विळीचा आवाज क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.