चिनी महाल: फॉरवर्डमधला आणि किल्ल्यातला

पावसाळी सहली सुरू झाल्या की दौलताबादच्या चिनी महालावरचा तो मेसेज ग्रुपवर येऊन पडतोच. म्हणणं असं: महाल चिनी कारागिरांनी बांधला, औरंगजेबाने तो खास तुरुंग म्हणून उभारला आणि गोवळकोंड्याचा सुलतान तानाशहा याला त्यात उपाशी ठेवून मारलं.

कारागिरांचं लवकर आटपू. नाव पडलं ते दर्शनी भागावरच्या निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्यांवरून. लोणच्याची चिनी बरणी काही चीनहून येत नाही.

तुरुंगाचं मात्र नीट बघायला हवं. कालाकोट दरवाज्याजवळ उभं राहून भिंतीकडे पाहा. बहुतेक फरश्या गळून गेल्यात, पण चुन्यात रुतलेले निळे तुकडे अजून दिसतात. कैद्यासाठी एवढी हौस कोण करतं? शिवाय हे इराणी वळणाचं काम दख्खनला मुघलांनी शिकवलेलं नाही. बीदरचा महमूद गावानचा मदरसा 1472 चा, आणि याच किल्ल्यातला चांद मिनारही बहमनी काळातला. दोन्हींवर अशाच फरश्या होत्या. मुघलांना दौलताबाद मिळालं 1633 मध्ये, महाबतखानाने ते निजामशाहीकडून जिंकलं तेव्हा. शेजारी निजामशाही वाड्यांचे अवशेष आहेतच. औरंगजेबाने इथे तुरुंग बांधला नाही, आयत्या महालाला पहारा बसवला.

आता उपासमार. आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर, फितुरीने दरवाजा उघडला तेव्हा कुठे सप्टेंबर 1687 मध्ये गोवळकोंडा पडला. अबुल हसन कुतुबशहा, म्हणजे तानाशहा, दौलताबादला आणला गेला आणि त्याला वर्षाला 50,000 रुपये तनखा बांधून दिला गेला. त्यानंतर तो बारा-एक वर्षं जगला. उपाशी माणूस एवढा टिकत नाही, हे सांगायला इतिहासकार कशाला हवा? कैद ती कैदच, गादी गेली ती गेलीच. ते दुःख खरं होतं, त्याला मीठमसाला लावायची गरज नाही. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच गावात औरंगजेबाचीही.

आणि मेसेजसोबतचा तो काळोख्या भुयाराचा फोटो? ती अंधारी. शत्रूला चकवून कापून काढण्यासाठी कातळात कोरलेली वाट, कैद्यांची कोठडी नव्हे. ती खंदक ओलांडल्यावर लागते. चिनी महाल खंदकाच्या अलीकडेच राहतो.